एका झाडापुरता गेम

सात वर्षं मी एक जंगल करत होते. कॉम्प्युटरवर. पोटापाण्यासाठी मी बल्लारपूरच्या घरात बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी व्हिडिओ गेमची कामं करते. कुणाच्या तरी गेममधल्या भिंती, पायऱ्या, दारं, झुडपं असली फुटकळ कामं. ती संपली की उरलेल्या वेळात माझा स्वतःचा गेम. त्यात बल्लारपूरपासून सिरोंचापर्यंतचं सगळं येणार होतं. आलापल्लीचा सागवान, वैनगंगा, प्राणहिता, धानाच्या बांध्या, आठवडी बाजार, वाघ, अस्वल, रानडुकरं, तिन्ही ऋतू. आणि खेळणारा माणूस वाटेल तिकडे चालत जाणार. 'वाटेल तिकडे' हे शब्द माझ्या भारी आवडीचे होते. कुणी विचारलं की मी हात पसरून सांगत सुटायची आणि ऐकणारा बिचारा मान डोलवत राहायचा.

आता सात वर्षांत झालं काय होतं तेही सांगते. नदी होती, तिच्यात पाणी घालायचं राहिलं होतं. बाजार होता, त्यात माणसं नव्हती. वाघ होता, पण त्याला वळता येत नव्हतं, त्यामुळे तो नाकासमोर चालत जाऊन झाडावर आपटायचा आणि तिथंच पाय हलवत उभा राहायचा. नवरा कागदाच्या मिलमधली शिफ्ट करून आला की माझ्या खुर्चीमागे उभा राहून चौकशी करायचा, वळला का तुझा वाघ? मी त्याला चहा ठेवायला पाठवायची.

कंपनीत माझ्यावर एक बाई आहेत. एकदा मोठ्या हौसेनं त्यांना हे जंगल दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, स्कोप कमी कर. गेमचा पसारा केवढा ठेवायचा त्याला आमच्या धंद्यात स्कोप म्हणतात. एक खोली घे, एक माणूस घे, त्याला एकच काम दे, पण जे घेशील ते संपव, असं त्यांचं म्हणणं. मला असा राग आला! पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना एक खोली पुरत असेल, आमच्याकडे जंगल आहे, असं मी मनातल्या मनात त्यांना सुनावलं. एक ना धड, भाराभर चिंध्या, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण सात वर्षं घातलेल्या गोष्टीला स्वतःच्या तोंडानं चिंध्या म्हणवत नाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या आसपास माझी माय पडली. आलापल्लीच्या पुढे आमचं गाव आहे. बाप गेल्यापासून ती तिथं एकटीच राहायची, दोन एकर धान बटईनं, अर्ध्या वाट्यावर द्यायची आणि बाकी सगळं स्वतः करायची. अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपूरला ऑपरेशन झालं आणि तिथून मी तिला सरळ बल्लारपूरला माझ्याकडे आणलं. डॉक्टरनं बजावलं होतं की चार-पाच महिने खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, वॉकर धरून रोज चालायचं, आणि तिकडच्या रस्त्यानं प्रवास तर मुळीच करायचा नाही. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, मोह पडायच्या आत घरी जाईन ना? डॉक्टर बाहेरचा होता. त्याला वाटलं ही भ्रमात बोलते आहे.

ती शुद्धीत होती. आमच्याकडे जंगल सरकारचं असतं, पण त्यातली मोहाची झाडं घराघरांची असतात. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नाही, पण गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की कोणत्या झाडाखाली कोणाच्या घरचे वेचतात. सासूचं झाड सुनेकडे येतं. दुसऱ्याच्या झाडाखाली फुलांचा सडा पडला असला तरी कोणी वाकत नाही. अस्वलानं खाल्ली, हरणानं खाल्ली तर चालतं, शेजारणीनं उचललेली चालत नाहीत. हा हक्क राखायला एकच काम करावं लागतं. फागुनात फूल पडायच्या आधी आपल्या झाडाखालचा पाचोळा झाडून जागा साफ करायची. कित्येक जण आग लावून मोकळे होतात आणि मग वणवा पेटतो. माय मात्र खराट्यानंच झाडायची. झाडलेली जागा दिसली की गाव समजतं, या घरची माणसं यंदा येणार. पाचोळा तसाच पडून राहिला की चार दिवस वाट पाहतात आणि मग ज्याला गरज असेल तो खराटा घेऊन जातो. त्यावरून भांडणं होत नाहीत. झाड वाया जाऊ द्यायचं नाही, बस.

मायचं झाड तिच्या सासूकडून आलेलं. चाळीस वर्षं तिनं ते झाडलं होतं. आणि आता फागुन तोंडावर आलेला, आणि ही बल्लारपुरात पलंगावर. कोणाला तरी झाडायला सांग, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, ज्याच्या हातात खराटा त्याचं झाड, सांगणं म्हणजे देणंच झालं. मग मी म्हटलं, एक वर्ष नाही वेचलं तर काय आभाळ कोसळणार आहे? तुला इथं काय कमी आहे? तेव्हापासून तिनं माझ्याशी त्यावर बोलणं सोडलं. जेवण अर्धं राहू लागलं. वॉकर भिंतीला लावलेला तसाच. खिडकीतून मिलकडे जाणारे बांबूचे ट्रक दिसायचे, ते ती दिवसभर मोजल्यासारखी पाहत बसायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की अशा पडून राहिल्या तर मग उठणारच नाहीत.

 आणि मला काय सुचावं? माझं जंगल.

माझ्या जंगलात मोहाची चारशे झाडं होती. फुलं पडायची, उचलताही यायची. नदीला पाणी नसलं तरी मोहाचं काम मी पुरं केलं होतं. मी तिला टीव्हीसमोर उंच खुर्चीत बसवलं, गेम टीव्हीवर लावला आणि हातात रिमोटसारखं ते खेळायचं यंत्र दिलं. ही दांडी ढकलली की चालायचं, हे बटण दाबलं की वाकून उचलायचं. मोबाइल तिला येतोच, त्यामुळे पाच मिनिटांत ती चालायला लागली. चालायला लागली म्हणजे पडद्यावर. पण तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

ती चालत राहिली. एक मोह गेला, दुसरा गेला. खाली फुलंच फुलं. ती उचलेना. बटण सापडत नसेल म्हणून मी पुन्हा दाखवलं. तिनं मान हलवली आणि पुढे गेली. दहा-बारा झाडं झाली तेव्हा माझा धीर सुटला.

"माय, वेच ना. किती फुलं पडून आहेत."

"कोणाचं झाड होय ते?"

"कोणाचंच नाई. गेम आहे तो."

"झाड हाय म्हंजे कोणाचं तरी असनच," ती म्हणाली. "माहं झाड कुठी हाय?"

मी काय सांगणार, कपाळ? चारशे झाडांपैकी एकही तिचं नव्हतं. तिला वाटलं आपल्याला अजून सापडत नाही, म्हणून ती शोधत राहिली. दोन्ही बाजूंना बघत, लोकांची झाडं सोडत, त्या भल्यामोठ्या जंगलात माझी माय अर्धा तास हिंडली आणि तिनं एक फूल उचललं नाही. शेवटी थांबली, पडद्याजवळ डोळे नेले आणि म्हणाली, "हे सप्पा एकच झाड होय वं. तू त्याले फिरवून फिरवून उभं केलं."

खरं होतं. मी एक झाड केलं होतं आणि ते चारशे ठिकाणी डकवलं होतं, थोडं वळवून, थोडं लहानमोठं करून. आमच्या धंद्यात सगळेच तसं करतात आणि आजवर कोणी ओळखलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी टीव्ही बंद केला. तिनं यंत्र माझ्या हातात दिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

दोन दिवस मी फणफणत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एक नवीन, कोरी फाइल उघडली आणि तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, सांग, तुझं झाड कसं आहे.

आधी ती सांगेना. मोहाचं झाड मोहासारखं असते, म्हणाली. मग मी मुद्दाम चुकीचं काढलं. बुंधा सरळ काढला. तिच्यानं राहवलं नाही. सरळ नाही, नाल्याकडे झुकलेलं आहे. नाल्याकडची एक खांदी विजेनं गेली, तिथं ढोली पडली आहे, त्यात पोपट राहतात. उगवतीला वारूळ आहे. जमीन नाल्याकडे उतरती, म्हणून फुलं घरंगळतात. मग झाडताना पाचोळा त्या बाजूला ओढून त्याचा बुटका बांध करायचा, म्हणजे फुलं तिथं अडतात. हे मला माहीतच नव्हतं. लहानपणी मी त्या झाडाखाली किती वेळा गेले असेन, आणि मला आठवत होता फक्त तो गोड, डोकं धरवणारा वास आणि लवकर उठवल्याचा संताप. शाळेत मी कोणाला कळू देत नसे की माझी माय मोह वेचते. दहावीनंतर तर एकदा तिला सरळ सांगितलं होतं की मी काही मोह वेचायला शिकलेली नाही.

तीन आठवडे आम्ही दोघी त्या झाडापाशी होतो. मी करायची आणि ती पाहून चुका काढायची. एवढा तापट साहेब मला आयुष्यात भेटला नाही. फुलं पडताना मी टपटप आवाज टाकला, तर म्हणाली, झाडलेल्या जागेवर फूल पडलं तर आवाज येत नाही, पाचोळ्यावर पडलं तरच येतो. मग मी दोन आवाज केले, आणि खेळणाऱ्याच्या हातात आधी खराटा दिला. जिथं झाडलं तिथं फूल गुपचूप पडायचं, जिथं झाडायचं राहिलं तिथं टप वाजायचं. आता डोळे मिटून सांगता यायचं की कुठं झाडायचं राहिलं आहे. हे त्या सात वर्षांच्या जंगलात मला सुचलं नसतं. तिथं चारशे झाडं सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले होते, एका फुलाचा आवाज ऐकायला फुरसत कोणाला होती?

मी एकेक गोष्ट काढून टाकत गेले. वाघ काढला. नदी काढली, नालाही फक्त बाजूला असल्यासारखा ठेवला. बाजार, ऋतू, 'वाटेल तिकडे' सगळं गेलं. झाडाच्या सावलीबाहेर पाऊल टाकलं तर माणूस आपोआप थांबायचा. आणि जागा जितकी आखडली तितकं आत करायला सापडत गेलं. फुलाच्या पाकळ्यांचा फिकट रंग, रसानं फुगलेलं ते अंग, आधीच्या दिवशीचं सुकलेलं फूल आणि आजचं फूल यांतला फरक, वारुळाच्या मातीचा तांबूस रंग. मला कामाचा असा आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. पुण्याच्या बाईंना मनातल्या मनात सुनावलेलं सगळं मी मनातल्या मनातच परत घेतलं.

शेवट कसा करायचा यावर आमचं वाजलं. मला टोपलं भरलं की शाब्बासकी द्यायची होती, गेममध्ये तसं असतं. ती म्हणाली, टोपलं भरलं म्हणून कोणी उठत नाही. उन्ह वारुळावर आलं की फूल पडायचं थांबतं, तेव्हा उठायचं, टोपलं अर्धं असो की पुरं. आणि नाल्याकडची फुलं वेचायची नाहीत, ती जनावरांची. मी तसंच केलं. उन्ह हळूहळू सरकत वारुळावर येतं, एक शेवटचं फूल पडतं, पडदा स्थिर होतो. संपला गेम. अकरा मिनिटं. मी खुर्चीवर मागे टेकले आणि मला कळलं की आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी संपवलं आहे.

त्या तीन आठवड्यांतच एक दिवस बुंध्यापासून वर जाताना एका आडव्या फांदीपाशी तिनं मला थांबवलं. म्हणाली, ही आणखी खाली घे, हात पुरला पाहिजे, या खांदीला तुझा झोका असायचा. लुगड्याचा झोका बांधून ती मला त्यात टाकायची आणि खाली वेचायची. फुलं झोक्यात पडायची आणि मी ती चोखत बसायची, रडायची नाही. मी हे कधी ऐकलं नव्हतं. मी फांदी खाली घेतली. त्या दिवशी मला पुढचं काही करवलं नाही, उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. त्या झाडाखाली जावं, खरोखर जावं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि मग ते वाटणं काही जाईना.

आता माय रोज सकाळी चहा झाला की टीव्हीसमोर बसायची. आधी झाडायची, बांध घालायची, मग वेचायची. बसायला खुर्चीपर्यंत जावं लागायचं, ते ती वॉकर धरून आपली आपण जायची. जेवू लागली. व्यायामाच्या मुलीला म्हणाली, शिकव तुझं काय ते. मुलगी माझ्याकडे बघून हसली. नवऱ्यानं वाघाची चौकशी करणं सोडून दिलं आणि एकदा मायच्या मागे उभा राहून गपचूप अकरा मिनिटं बघत राहिला.

एकच गोष्ट तिला खटकत होती. कोणी बोलत का नाही, असं ती विचारायची. मोह वेचायला बाया एकट्या जात नाहीत. आपापल्या झाडाखाली असल्या तरी एकमेकींना हाका मारत, मोठमोठ्यानं बोलत वेचतात, म्हणजे जनावर जवळ येत नाही आणि मन रमतं. मायच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर समोरच्या घरच्या सुनेचं झाड होतं. वीसेक वर्षं त्या दोघी रोज सकाळी बोलत वेचत आल्या होत्या. मी त्या बाईला फोन लावला आणि सांगितलं, मायला मारायची तशी एक हाक मार. ती आधी लाजली, हसली, मग तोंड दूर करून तिनं हाक दिली, "काकू, झालं का वंऽऽ?" मी ती हाक घेतली, लांबून आल्यासारखी केली आणि वारुळाच्या पलीकडे ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी खेळताना हाक आली तेव्हा मायचा हात थांबला. तिनं तोंडातल्या तोंडात काहीतरी उत्तर दिलं. पुन्हा हाक आली, पुन्हा थांबली. मी दाराशी उभी होते, मनात म्हणत होते, जमलं. हे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. चार-पाच दिवस माय ती हाक ऐकत राहिली. मग एका सकाळी उन्ह वारुळावर यायच्या आधीच तिनं यंत्र खाली ठेवलं.

"ते आता कुठून बोलून राह्यली?" तिनं विचारलं. "तिचं झाड तं रस्त्यात गेलं."

मी विसरलेच होते. गेल्या पावसाळ्याच्या आधी रस्ता रुंद करताना ते झाड पाडलं होतं. मायनंच मला तेव्हा फोनवर सांगितलं होतं आणि मी हं हं म्हणून ऐकलं होतं. मी एका नसलेल्या झाडाखालून हाक आणून ठेवली होती. तू म्हणशील तर काढून टाकते, असं मी म्हटलं. ती म्हणाली, नको, राहू दे. मग पडद्याकडे बघत म्हणाली, तिला फोन लाव.

मी लावला. मला वाटलं हालहवाल विचारणार. मायनं तिला आधी म्हशीचं विचारलं, सासऱ्याच्या खोकल्याचं विचारलं, आणि मग त्याच आवाजात, भाजीला मीठ घाल म्हणावं तसं म्हणाली, "आयक. माह्या झाडाखाली पाचोळा तसाच असन. उद्या खराटा घेऊन जा अन् झाडून घे. नाल्याकडं बांध घालजो." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. माय म्हणाली, "यंदापुरतं नाई. आता ते तुहंच."

फोन संपला. तिनं तो माझ्याकडे दिला आणि तिचा चेहरा हलका दिसत होता, डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखा. मी मात्र जिथं होते तिथं बसले.  मी तिला माफ करायच्या मनःस्थितीत नव्हते, आणि माफ कसलं करणार, तिचा काही गुन्हाही नव्हता. समोरच्या बाईला झाडाची गरज होती, मायला आता पहिल्यासारखं वाकता येणार नव्हतं, गावाच्या रीतीनं सगळं ठीक होतं. तरी माझा जीव जळत होता. त्या बाईचा मला मत्सर वाटला. सरळ, उघडा मत्सर. ती उद्या पहाटे त्या फांदीखाली उभी राहणार होती, आणि मी तीन आठवडे त्या फांदीची उंची नीट करत बसले होते. मी खराटा घेऊन आलापल्लीच्या बसमध्ये बसावं, दोन तास झाडावं आणि परत यावं, एवढं साधं काम. ते त्या दोन महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मायनंही सुचवलं नाही. ती वाट बघत होती की काय, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

मी तिला झाड हुबेहूब करून दिलं. ते इतकं पुरं झालं की तिला खरं झाड हातातून सोडता आलं. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी रडायला लागले, चांगली हुंदके देऊन, वयाची लाज न बाळगता.

माय घाबरली. पाय दुखतो का, ऑफिसातून काही बोलले का, नवऱ्याशी भांडण झालं का, सगळं विचारून झालं. मी मान हलवत राहिले. शेवटी बोलले.

"झाड काऊन देऊन टाकलं? मले एकदा तरी विचाराचं होतं."

 खरोखर तिला काही कळलं नव्हतं.

"तुले पाह्यजे होतं?"

मी हो म्हटलं. टीव्हीवर तिचा गेम तसाच चालू होता, अर्ध्यात सोडलेला, आणि फुलं पडत होती. माय वॉकर धरून उठली, दोन पावलं चालून माझ्यापाशी आली आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मंग सांगाचं होतं ना वं पोरी," ती म्हणाली. "मले का मालूम? तू तं सात वर्षं पुरं जंगल पाह्यजे म्हणत होती."